पाय दाखव, नश्या

कासारसाई,
मंगळवार, सकाळ

प्रिय नश्या,

‘प्रिय’ हे सवयीनं लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. खरं तर सुरुवातीलाच तीन-चार शिव्या घालणार होतो, पण हे पत्र तुझ्या लेकीच्या, उझमाच्या हातून तुझ्यापर्यंत येणार, आणि पोरीनं वाटेत उघडून वाचलं तर माझीच लाज जायची. तेव्हा शिव्या तू मनातल्या मनात घालून घे. कुठल्या, ते तुला पाठ आहेत. मी पौडला मामाकडे राहून आठवीत शिकत होतो तेव्हा आपण दोघांनी मिळूनच त्या शिकल्या होत्या.

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर “हॅलो, ऐकू येत न्हाई” म्हणून ठेवून देतोस. तुझ्या कानांना काही झालेलं नाही, नश्या. कान धडधाकट आहेत, सडलाय तो पाय. रविवारी मी स्कूटर काढून एवढ्या लांब तुझ्या दारात आलो, तर तू वरच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेतलंस. साबेरा वहिनींनी चहा दिला आणि खाली मान घालून म्हणाल्या, “भाऊजी, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय.” नेमका तेव्हाच वरून तुझा खोकला ऐकू आला. झोपलेला माणूस असा खाकरून खोकतो होय? नवऱ्यासाठी खोटं बोलावं लागलं म्हणून त्या बाईचा चेहरा एवढासा झाला. मी अर्धा तास बसलो, चहा प्यालो आणि परत आलो. जिना चढून वर का आलो नाही, ते पुढे लिहितो. आधी तुझा हिशोब.

उझमानं मला सगळं सांगितलंय. पिंपरीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, उजव्या पायाच्या करंगळीचं आणि तिच्या शेजारच्या बोटाचं हाड आतून किडलंय म्हणाले. पायात रक्त चांगलं पोचतंय, दोन बोटं आत्ता काढली तर पाय वाचेल, थांबलात तर विष वर चढेल आणि मग गुडघ्याखालून कापावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. ऑपरेशनसाठी शुक्रवार दिला. आणि तू काय केलंस? सहीचा कागद उलटा ठेवलास, “विचार करून सांगतो” म्हणालास, आणि रिक्षा करून घरी येऊन बसलास. विचार! साठी उलटली, जन्मात कधी विचार केला नाहीस, तो आत्ता करायला बसलास होय रे?

मी तीस वर्षं धरणाच्या कालव्यावर पाटकरी होतो. पाणी कधी सोडलं, कुठं फुटलं, कुणाच्या शेतात शिरलं, याचा अहवाल लिहायची मला सवय आहे. तसाच तुझा लिहितो, म्हणजे ‘असं काही झालंच न्हाई’ म्हणायला तुला जागा राहायची नाही. तुझ्या करंगळीच्या खाली तळव्यावर कुरूप होतं. ते जुनंच, मलाही माहीत होतं. कुरूप काय, निम्म्या तालुक्याला असतं. पण साखर असलेल्या माणसानं कुरपाला स्वतःच्या मनानं कॉर्नपट्टीसुद्धा लावू नये म्हणतात, डॉक्टरांना दाखवावं. तू काय केलंस, तर तुझ्या चपलांच्या दुकानातली रापी घेतलीस. चामडं कापायची रापी! तुझे अब्बा महिन्या-दोन महिन्यांनी रापीनं कुरूप तासायचे हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पण चाचांना साखर नव्हती. रापी जरा आत गेली की ते “या अल्ला” करून ओरडायचे आणि थांबायचे. तुला लागलंच नाही. टाच तासावी तसा तू तासत गेलास आणि रक्त सतरंजीवर आलं तेव्हा थांबलास. तेही दुखलं म्हणून नव्हे, सतरंजी खराब होते म्हणून.

आणि मग माझ्या वाघानं जखमेवर सोल्यूशन लावलं. चपलांचे सोल चिकटवायचं, डब्यातलं, ब्रशनं. दोन्ही कडा दाबून धरल्यास, फुंकर मारलीस, आणि वर डॉक्टरांना म्हणालास, “पकड चांगली बसली व्हती.” उझमा हे सांगताना फोनवर रडत होती आणि मला हसावं का रडावं ते कळेना. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अरे, पाय म्हणजे काय तुला रिपेअरला आलेली सँडल वाटली? संध्याकाळी या घेऊन जायला?

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. ताम्हिणीच्या डोंगरातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं केलं असतं, तर म्हटलं असतं त्याला कोण सांगणार. पण तू? बाई दुकानात शिरली की तिच्या चालीवरून तू ओळखतोस, टाच दुखते का घोटा मुरगळलाय. चप्पल संध्याकाळी घ्यावी, दिवसभरात पाय फुगतो, हे या तालुक्याला तू शिकवलंस. मारुंजीच्या सोसायट्यांमधली कंपनीवाली पोरं गाडी काढून पौडपर्यंत तुझ्याकडे येतात. टोकदार बुटांनी त्यांच्या अंगठ्याचं नख मांसात घुसलेलं असतं आणि तू त्यांना पुढून रुंद बूट देऊन वर झापतोस, “नख सरळ कापा, कोपरे कोरू नका, न्हाईतर पुन्यांदा माझ्याकडं येऊ नका.” आमच्या हेमलताच्या टाचांच्या भेगा पाहून तूच म्हणाला होतास, “वहिनी, ह्या नुसत्या भेगा न्हाईत, साखर तपासून घ्या.” ती तपासायला गेली, सोबत म्हणून मीही हात पुढे केला, आणि तिची नाही, माझी निघाली. त्याला वीस वर्षं झाली. दोन वर्षांनी तुझीही निघाली, तेव्हा आपण बिनसाखरेचा चहा प्यायला लागलो आणि तोंडं वाकडी करून एकमेकांना हसत होतो. म्हणजे तुला माहीत नव्हतं असं नाही. तुला माझ्याआधी माहीत होतं!

आणि स्वतः काय करतोस? दुकानाच्या उंबऱ्याशी चप्पल काढायची आणि दिवसभर अनवाणी. “रोजीची जागा हाय, तितं पायताण घालून कसं बसायचं?” ठीक आहे, चाचांपासूनची रीत आहे, मी कधी काही बोललो नाही. पण त्या फरशीवर खिळे असतात, बकलांचे तुकडे असतात, सुया असतात. भिंतीला छतापर्यंत चपलांचे जोड लावलेले आणि त्यांच्यामध्ये मालक अनवाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उझमा म्हणते, डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक दोरा तुझ्या तळव्याला दहा ठिकाणी टेकवून विचारलं, लागतंय का सांगा. तू डोळे मिटून ऐटीत “हो, हो” म्हणत होतास आणि डॉक्टरांनी तेव्हा दोरा टेकवलेलाच नव्हता. काय म्हणावं तुला! परीक्षेत कॉपी करायची सवय अजून गेली नाही तुझी.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? तू नमाजाआधी दिवसातून पाच वेळा पाय धुणारा माणूस. बोटांच्या बेचक्यांतून ओला हात फिरवणारा. माझ्यासारख्याचे पाय आंघोळीला भिजले तर भिजले. पण तुझा हात रोज पाच वेळा त्या जखमेवरून गेला, नश्या. तीन आठवडे गेला. म्हणजे तुला कळत होतं. म्हणूनच तू घरी वुजू, म्हणजे ते हातपाय धुणं, करायचं बंद केलंस, मशिदीत जाऊन करायला लागलास, घरात मोजे घालून फिरायला लागलास. वहिनींनी विचारलं तर “थंडी वाजती”. श्रावणात थंडी! त्या बाईला वाटलं वय झालं, रक्त कमी झालं, आणि ती तुला खजूर खाऊ घालत बसली. ही सगळी लपवाछपवी आहे, दुर्लक्ष नाही. दुर्लक्ष झालं असतं तर मी एवढा चिडलो नसतो.

आणि त्या उंदराचं काय? आता तू म्हणशील, दयाला हेही सांगितलं का पोरीनं. हो, मला सगळं सांगितलं. दुकानात वास यायला लागला. गिऱ्हाईक नाकाला पदर लावायला लागलं. उझमाला वाटलं खोक्यांच्या मागे उंदीर मेलाय. पोरीनं कंपनीतून दोन दिवस रजा घेतली, भावाला, फिरोजला, हाताशी घेतलं, आणि सगळी मांडणी खाली काढली. एकेक खोकं उघडून बघितलं, फिनेल टाकून फरशी पुसली. आणि तू त्यांच्यासोबत खोकी उचलत होतास! “त्या कोपऱ्यात बघ, वरच्या फळीवर बघ,” असं सांगत होतास! दोन दिवस पोरं मेलेला उंदीर शोधत राहिली आणि तू मोज्यातला पाय घेऊन त्यांच्यामध्ये उभा. शेवटी उझमाच खाली वाकली आणि तिला कळलं वास कुठून येतोय. ती मला म्हणाली, “काका, मी अब्बांच्या पायाशी बसले आणि मला उठताच येईना.” मुलीवर अशी वेळ आणतो का रे बाप? मला तर वाटतं डॉक्टरांपेक्षा आधी त्या पोरीची माफी माग तू.

आता तुझी कारणं ऐकतो. उझमानं तीही सांगितलीत. पहिलं कारण, दुकान. गुडघ्यावर बसून लोकांना चपला घालून द्यायच्या, बोटं नसतील तर तोल कसा राहायचा. बरं, पाय नसला तर राहतो का तोल? फिरोज तीस वर्षांचा झाला, त्याला गुडघ्यावर बसता येतं, त्याला बसू दे. तू स्टुलावर बसून पायाकडे बघ आणि माप सांग. तुझी खरी करामत डोळ्यांत आहे, गुडघ्यांत नाही. दुसरं कारण, नमाजात उजव्या पायाची बोटं मुडपून बसावं लागतं, ती नसली तर बसणार कसा. ह्यावर मी गप्प बसणार होतो, तो तुझा आणि वरच्याचा मामला. पण उझमा माझ्यापेक्षा हुशार. ती सरळ इमामसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, आजारी माणसाला खुर्चीवर बसून नमाज चालते, जीव सांभाळणं आधी. हे तिनं तुला सांगितल्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस म्हणे. तिसरं कारण, घाटाखालचा कुणी झाडपाल्यावाला आहे, त्याच्या लेपानं कुणाच्या तरी सासऱ्याचा पाय बरा झाला. त्या सासऱ्याचं नाव काय, गाव काय, पाय कुठला? कुणालाच माहीत नाही. असे सासरे प्रत्येक गावात असतात आणि त्यांचे पाय नेहमीच बरे होतात.

हे बघ, बोटं गेल्यावर काय होतं ते मी तुला सांगतो. कमरेतून सुई देतात, पाय बधिर होतो, कापताना काही कळत नाही. घाबरायचं कारण नाही, आपले पाय आधीच निम्मे बधिर आहेत. डॉक्टर जखम लगेच शिवत नाहीत, उघडी ठेवतात, म्हणजे आतली घाण निघून जाते. पहिलं ड्रेसिंग बघू नकोस, तोंड फिरव. दुसरं मात्र बघ, कारण तोपर्यंत लाल, ताजं मांस दिसायला लागतं आणि बरं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काठी धरून उभं करतात, टाचेवर भार द्यायला लावतात. त्या वेळी माणूस रडतो. दुखतं म्हणून नव्हे, उगाचच. रडू दे आलं तर. महिनाभर ड्रेसिंग, मग मऊ तळाचा बूट, मग रोज सकाळी पाय उलटा करून आरशात बघायचा. बस्स, एवढंच. मी आज रोज सकाळी धरणाच्या भिंतीवरून चालून येतो, बोटं असताना चालायचो त्यापेक्षा फार कमी नाही.

तू म्हणशील, तुझं वेगळं होतं दया, तुझं यंत्राचं होतं.

इथं पेन खाली ठेवलं होतं. हेमलता समोर तांदूळ निवडत बसलीय आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलं, “त्ये लिवलं का?” मी म्हटलं लिहितोय. ती म्हणाली, “बाकी सगळं लिवशीला, त्येच न्हाई लिवायचा तुम्ही.” बायको किती बोलते बघ. पण खरं बोलते. तुला एवढं झाडून काढलं त्यातलं निम्मं माझ्याच तोंडावर मारायला हवं होतं, हे तिला ठाऊक आहे. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

सहा वर्षांपूर्वी चिखलणी करताना पॉवर टिलर डाव्या पायावर आला आणि अंगठा नि शेजारचं बोट गेलं, असं मी तुला सांगितलं. तुला, गावाला, भावकीला, सगळ्यांना तेच सांगितलं. नश्या, टिलर माझ्या पायावर आलाच नाही. तो त्या वर्षी बिघडून पडला होता, चिखलणी आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. कालव्यावरच्या चौकीत फळीखाली गमबूट ठेवलेले, वरून पाणी सोडायच्या दाराच्या चाकाची एक ढिबरी, म्हणजे लोखंडी नट, त्यात पडली असणार. मी बूट घातले आणि दिवसभर कालव्याच्या कडेनं हिंडलो. संध्याकाळी बूट काढून पाणी ओतायला उलटा केला, तर रक्त आलं आणि त्यातून ती ढिबरी टणकन खाली पडली. अंगठ्याखाली तिच्या आकाराचा खड्डा पडला होता. दिवसभर ती माझ्या पायात होती आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तूच मला कितीदा सांगितलं होतंस, “बूट घालायच्या आधी उलटा करून झटक, आत हात फिरव.” मी म्हणायचो, बुटात काय साप बसलाय का. आता कुठल्या तोंडानं सांगणार होतो तुला?

मग मीही तेच केलं जे तू केलंस. हळद दाबली, वर चिंधी बांधली, हेमलताला सांगितलं चिखल्या झाल्यात. भाताच्या खाचरात उभं राहणाऱ्याला बेचक्यात चिखल्या होतातच, कुणाला शंका येत नाही. सतरा दिवस लपवलं. बोटं काळी पडली आणि हुडहुडी भरून ताप आला तेव्हा तिनं चिंधी ओढून काढली. त्यानंतर तिनं मला जे ऐकवलं त्यातलं बरंचसं या पत्रात तुला उद्देशून आलंय, शब्द तिचेच आहेत. टिलरची गोष्ट मी दवाखान्यात पडल्या पडल्या रचली. यंत्राशी झटताना बोटं गेली म्हटलं की लोक हळहळतात, पाठीवर हात ठेवतात. साखरेनं गेली म्हटलं की म्हणतात, खाऊन खाऊन घालवली. तू शहाळी घेऊन भेटायला आलास, वॉर्डाच्या दारावरची मधुमेहाची पाटी वाचलीस आणि विचारलंस, “हितं कसा रं?” मी म्हणालो, अपघाताचा वॉर्ड भरलाय. तू लगेच मान डोलावलीस. त्याच वेळी डॉक्टर आले, तर हेमलतानं तुला चहाच्या निमित्तानं हाताला धरून बाहेर नेलं. नंतर तू माझ्यासाठी रिकाम्या बोटांच्या जागी स्पंज भरून स्वतःच्या हातानं चप्पल बनवलीस आणि दुकानात चार माणसांसमोर म्हणालास, “मर्दाचा पाय हाय, यंत्राला भिडलाय.” मी ते ऐकून घेतलं. हसलो वर. सहा वर्षं ऐकून घेतोय. रविवारी तुझ्या जिन्याची पहिली पायरी चढलो होतो, नश्या. वर येऊन ‘दे बोटं’ म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, तुला काय कळतं त्यातलं. मग हे सगळं तुझ्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं असतं. मागे फिरलो. तू खोकून तरी खरं बोललास, मी तेवढंही केलं नाही.

मग आत्ता का लिहितोय? काल दुपारी उझमाचा फोन आला होता. ती म्हणाली, “काका, तुम्हीच काहीतरी करा. अब्बा कुणाचंच ऐकत नाहीत. आम्ही काही म्हटलं की तुमचंच नाव पुढे करतात. म्हणतात, दयाला बघा. वीस वर्षं साखर हाय त्याला, माझ्याआधीपासून. त्याचं काय वाकडं झालं? त्याची बोटं यंत्रानं नेली, साखरेनं न्हाई. साखरेनं बोटं जात असती तर दयाची आधी गेली असती.” एवढं बोलून पोर मला म्हणाली, “खरंय ना काका ते?” मी ‘नंतर बोलतो’ म्हणालो. फोन ठेवला आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाहीये. माझी गेली, नश्या. तुझ्याआधी गेली, साखरेनंच गेली, आणि लपवली म्हणून दोन गेली, नाहीतर एकावर भागलं असतं असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. गुरुवारी सकाळी मी येतोय. वहिनींना सांग खोटं बोलायचे कष्ट घेऊ नका, मी जिना चढणार आहे. तुझ्या पलंगावर बसून माझा मोजा काढणार आहे. बघ, हात लावून बघ, जगातले सगळे पाय तुला कळतात, यंत्रानं कापलेलं कुठलं आणि सडलेलं कुठलं ते तुला सांगावं लागणार नाही. वाटेल तेवढ्या शिव्या घाल, उझमासमोर घाल, मान खाली घालून ऐकेन. पण शुक्रवारी सही कर. मी माझी दोन बोटं लपवली आणि त्यात तुझा अख्खा पाय गेला, असं झालं तर मी त्या धरणाच्या भिंतीवरून रोज कुठल्या पायानं चालू, सांग.

तुझाच खोटारडा,
दया